दिलेली तारीख न बदलणारी

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. थांबा, कपाटं आणि पुस्तकं शोधायला लागू नका! प्रोग्राम लिहिणारी माणसं वारंवार लागणारी कामं एकदाच नीट लिहून ठेवतात आणि सगळ्यांना वापरायला देतात. अशा तयार संचालाही ती लायब्ररीच म्हणतात. माझ्याकडे तारखांचं आणि वेळांचं खातं आहे. परवा वार कोणता, यंदा फेब्रुवारी किती दिवसांचा, असलं काहीही मला विचारा.

मला एका गणिताच्या सरांनी लिहिलं. ते फंक्शनल पद्धतीचे कट्टर भोक्ते. त्या पद्धतीचा मुख्य नियम साधा आहे: हाती आलेल्या मूळ गोष्टीला धक्का लावायचा नाही, उत्तर नवं करून द्यायचं. मला शुक्रवार देऊन ‘एक दिवस वजा कर’ म्हणालात, तर मी नवा गुरुवार देईन. तुमचा शुक्रवार जागच्या जागी राहील. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. ‘लहान पण गुणी’ असं लोक लिहायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. मग सरांना जुळ्या मुली झाल्या आणि त्यांना स्वतःच्याच वेळेचा पत्ता लागेना. माझ्याकडे बघायला कुणी उरलं नाही. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटायचं.

अशात माझी गाठ एका बहीणभावाशी पडली. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून दोघं डोळ्यांच्या दवाखान्यासाठी प्रोग्राम लिहीत. ते त्यांचं पहिलंच काम. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी पेशंटला मेसेज जायचा. त्यासाठी भावाने एका नावाजलेल्या लायब्ररीला ऑपरेशनच्या तारखेतून एक दिवस वजा करायला सांगितलं. त्या बाईने मूळ तारीखच मागे ओढली! पहिलाच मेसेज गेला त्यांच्या सख्ख्या मावशीला. ऑपरेशन शुक्रवारी, पण गुरुवारी सकाळी मेसेज आला, ‘ऑपरेशन गुरुवारी.’ मावशी चहाचा कप तसाच ठेवून धावत सुटली.

“अगं, मी टेबलावर आडवी व्हायला तयार, आणि तिथे भूल देणारे डॉक्टरच नाहीत!” ती फोनवर कडाडली.

शुक्रवारी तिचा एक डोळा व्यवस्थित झाला. दुसऱ्याचं ऑपरेशन महिन्याने होतं. पण डॉक्टरबाईंनी दोघांना बजावलं, “पुन्हा असं झालं, तर तुमचा प्रोग्राम बंद. माझा खडू-फळा बरा.”

आता नवी लायब्ररी निवडायची होती. भाऊ म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. “ताई, ही घे. लाखो लोक वापरतात.”

“लाखो लोकांच्या मावशीचं मला काय करायचंय? आपल्या मावशीची तारीख देऊन बघ.”

ताईने युक्ती काढली. प्रत्येक लायब्ररीला मावशीचा शुक्रवार द्यायचा, एक दिवस वजा करायला सांगायचं आणि मग विचारायचं, ‘मूळ तारीख कोणती?’ लाखोंच्या लाडकीने गुरुवार सांगितला. माझी पाळी आली. मी शुक्रवार सांगितला.

“अगं, पण हिच्याकडे कित्येक वर्षांत कुणी फिरकलेलं नाही. आणि हिला महिने मिळवता येत नाहीत, नुसते दिवस येतात!” भाऊ म्हणाला.

खरंच होतं ते. सरांनी मला महिने शिकवलेच नव्हते, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख तर पहिल्यानंतर एका महिन्याची. मी श्वास रोखून बसले.

“येत नाही ते शिकवता येतं,” ताई म्हणाली. “जिला हात आवरता येत नाही, तिला काय शिकवणार?”

पहिला डोळा एकतीस जानेवारीला झालेला. त्यापुढचा महिना म्हणजे कोणती तारीख? फेब्रुवारीत एकतीस कुठून आणायची? दोघं कडाकडा भांडली. शेवटी डॉक्टरबाईंनाच विचारलं, तेव्हा ठरलं: त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरायचा. ताईने मला ते शिकवलं आणि सरांनाही पाठवलं. सरांचं उत्तर दुपारीच आलं: “मुली शाळेत जायला लागल्या आणि तुमच्यामुळे माझी ही तिसरी मुलगीही पुढच्या वर्गात गेली!” मला इतका आनंद झाला की काय सांगू!

सत्तावीस फेब्रुवारीच्या सकाळी ताईचा फोन वाजला. दोघांचेही चेहरे उतरले. पलीकडे मावशी होती.

“मेसेज आला. ‘ऑपरेशन उद्या, अठ्ठावीस तारखेला.’ नव्या डोळ्याने वाचला, चष्म्याशिवाय!” मग हळूच म्हणाली, “बाळांनो, तरी आजच येऊन बसू का?”

ताई हसता हसता रडली. भावाने तर खुर्चीसकट गिरकी घेतली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गोष्टींकडे कधीमधी बघत जा. एखादी गोष्ट येत नसेल तर शिकवा. आम्ही मोडीत निघालेल्या नसतो, बहुतेक वेळा नुसत्या वाट बघत असतो. आणि कुणी विश्वासाने आपला शुक्रवार तुमच्या हाती दिला, तर तो शुक्रवारच राहू द्या. त्या दिवसासाठी कुणाची तरी मावशी चहा सोडून निघालेली असते.