खिडकीतली दस्ती

"आदुगर जागा धर गं बाई, मग लाजत बस."

सासूचा, सरुबाईचा हा आवाज पौर्णिमाच्या कानात अजून ताजा होता. लोहाऱ्याच्या स्टँडवर लातूरची यष्टी लागली की तो हटकून ऐकू यायचा. पौर्णिमा लग्न होऊन नवीनच आली होती आणि सासूनं वर्षाच्या आत तिला लातूरला नर्सिंगच्या कोर्सला घातलं होतं. पहिल्या दिवशी यष्टीच्या दारात माणसांची ही झिम्मड, आणि ही नवी नवरी पदर सावरत सगळ्यांच्या मागं उभी. सासूनं पाठीत हलकाच धपाटा घातला. सासरा, व्यंकट, पुढं झाला. त्यानं खांद्यावरची दस्ती काढली, हातभर लांबीचा तो पांढरा रुमाल, तिला एक गाठ मारली आणि खिडकीतून नेमकी आतल्या सीटवर फेकली.

दस्ती पडली की जागा झाली. मग दारातून चढणारा कितीही दांडगा असो, दस्तीवर कुणी बसत नाही. बसलाच तर अख्खी गाडी त्याला उठवते.

संध्याकाळी पौर्णिमा परत आली तेव्हा सरुबाई सुपात तूर पाखडत बसली होती आणि आपल्याच नादात गात होती,

वेशीच्या गं वाटंवरी, धुरळा उठं यष्टीचा
सून माझी शिकाया जाती, धाक न्हाई मला दिष्टीचा

सुनेला बघून ती गप झाली. "भाकरी झाकून ठिवलीय," एवढंच म्हणाली. पण पौर्णिमानं ऐकलं होतं. माहेरी आईनं तिच्यावर ओवी गायली नव्हती, ती सासूनं गायली.

आता सरुबाई नव्हती. तिला जाऊन चार पावसाळे झाले होते. कोर्स झाला, लातूरच्या एका खासगी दवाखान्यात पौर्णिमाला नोकरी लागली, प्रीती झाली, ती शाळेत जाऊ लागली. पण दस्ती काही थांबली नाही. सकाळी पौर्णिमा डबा भरून निघायच्या आधीच व्यंकट स्टँडवर जाऊन उभा असायचा. गाडी थांबते न थांबते तोच दस्ती आत. एकदा पाटी न बघताच त्यानं दस्ती टाकली आणि ती तुळजापूरच्या गाडीत निघाली. त्या दिवशी पौर्णिमा औशापर्यंत उभी गेली आणि दस्ती जागा धरून तुळजापूरला जाऊन आली. दुसऱ्या दिवशी कंडक्टर वीरभद्रनं ती घडी घालून परत दिली. "व्यंकटराव, तुमच्या दस्तीनं देवीचं दर्शन घेतलं," म्हणाला. व्यंकटनं ती झटकून खांद्यावर टाकली. "आमी बुद्धाची माणसं. पर तिला जायचं असंल तर जाऊ द्या," म्हणाला. सगळं स्टँड हसलं होतं.

असं चाललेलं बरं चाललं होतं. मग उन्हाळ्याच्या तोंडाला दवाखान्याच्या मेट्रननं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून पाळ्या फिरणार. शेवटची यष्टी चुकणार. नोकरी टिकवायची तर लातूरला राहावं लागेल.

तिकडं लोहाऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी निरोप धाडला होता, की माझ्या छोट्या दवाखान्यात ये, घरापासून चालत येशील. म्हणजे दोन्ही वाटा उघड्या होत्या, आणि हीच अडचण होती. एकच वाट असती तर पौर्णिमा मुकाट्यानं तिनं गेली असती.

प्रेमानंदला, तिच्या नवऱ्याला, दोन्हीकडं सारखंच होतं. तो पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करायचा. "मोटारी लोहाऱ्यातबी जळतात आन् लातुरातबी," तो म्हणाला. "तुझं काम मोठ्या दवाखान्यातलं. तू शिकलीस त्याचं तिथं चीज होतंय. प्रीतीलाबी शाळा चांगली भेटंल. जाऊ."

"आणि मामा?" सासऱ्याला ती मामा म्हणायची.

"बाबा कुठं येतेत. इथंच राहतील. आपण दर शनिवारी येऊ."

व्यंकट कुठं येत नाही, हे सगळ्या गावाला पाठ होतं. हॉटेलात चहा पिताना, पारावर, विहारात वंदना झाल्यावर, कुणी पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांचा विषय काढला की व्यंकटचं एकच ठरलेलं. "लोहारा सोडून आपुन कुठं जात न्हाय." त्यावर कुणी दुसरं काही विचारायचं नाही आणि तो दुसरं काही सांगायचा नाही.

पौर्णिमानं लातुरात धुरपदाबाई म्हणून एका विधवा बाईंचा वरचा मजला बघून ठेवला होता. दोन खोल्या, मागं एक लहानशी तिसरी, आणि गच्ची. बाईंनी रविवारपर्यंत जागा कुणाला देणार नाही असं कबूल केलं होतं. तो रविवार जवळ येत गेला आणि पौर्णिमाच्या डोळ्यांपुढं दुसरंच दिसत राहिलं. सकाळ झालीय, मामा सवयीनं स्टँडवर आलाय, लातूरची गाडी लागलीय, आणि दस्ती त्याच्या हातात तशीच आहे.

त्या चित्रानंच तिचा निकाल लागला. जायचं नाही. ज्या माणसानं आपल्याला रोज बसायला जागा दिली, त्याला आपण एकटं उभं ठेवायचं नाही. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना काय वाईट आहे? लोहाऱ्यानं आपल्याला काय कमी दिलं? प्रीती तान्ही असताना शेजारच्या हरणाबाईनं तिला न्हाऊ-माखू घातलं, कधी उपकार म्हणून बोलून दाखवलं नाही. तिनं मनातल्या मनात गावाचे आभार मानले आणि लातूरच्या मोठ्या दवाखान्यावर पाणी सोडलं. वाईट वाटलं. पण ते वाईट तिला पेलणारं होतं.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. रविवारी "ड्यूटी आहे" म्हणून ती घरातून निघाली. धुरपदाबाईंना समक्ष नाही म्हणून यायचं, फोनवर नाही म्हणणं तिला बरं वाटेना.

स्टँडवर हरणाबाई माकणीच्या जीपची वाट बघत उकिडवी बसली होती.

"काय गं, आज ऐतवारीबी?"

"व्हय मावशी. आलीय ड्यूटी."

"लातूरला ऱ्हायला चाललाव म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"कोण म्हणंल? भितीला भित हाय आपली. जावा की. तिथं नळाला पाणी आठ-आठ दिस येयाचं न्हाय, मग इकडं आंघुळीला येचाल. म्या हौद भरून ठिवते."

"काही ठरलं नाही मावशी."

"व्यंकट्याला इचारलंव का?"

"मामा कुठं येतेत."

हरणाबाईनं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. काही बोलणार होती, तेवढ्यात यष्टी आली आणि धुरळ्यात तिचं बोलणं राहून गेलं.

पौर्णिमा आत चढली. खिडकीपाशी दस्ती होती. तिच्या शेजारच्या सीटवर एक कापडी पिशवी होती. पिशवी ओळखीची होती. तिनं ती उचलायच्या आत मागून आवाज आला, "राहू दे. ती माझी जागा हाय."

व्यंकट धोतर सावरत वर चढत होता. धुतलेला सदरा, डोक्याला तेल.

"मामा, तुम्ही कुठं निघालाव?"

"तुझ्यासंगं. खोली बघाया."

ती खिडकीशी सरकून बसली. वीरभद्र तिकिटं फाडत आला. "काय व्यंकटराव, आज दस्तीसंगं मालकबी?"

"व्हय. एक लातूर, आन् सुनंचं अर्धं."

गाडी माकणीवरून पुढं गेली. नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच एखादी उसाची हिरवी पट्टी. पौर्णिमाच्या मनात एकच घोळत होतं. मामा आपल्याला मोकळं करायला येतोय. खोली बघणार, चांगली आहे म्हणणार, डोक्यावर हात ठेवणार आणि एकटाच परत जाणार. असलं मोठं मन त्याचंच. तिला अजूनच गलबलून आलं आणि नाही म्हणायचा तिचा निश्चय अजूनच घट्ट झाला.

किल्लारी आली तशी गाडी जरा सावकाश झाली. भूकंपात गेलेल्या या गावापाशी जुनी माणसं अजून बोलणं थांबवतात. मग औसा मागं पडलं, आणि म्हातारा खिडकीकडं वाकून बाहेर बघू लागला.

"ती बघ. न्हाय, त्याच्या म्होरं. तिथं डाळीची मिल होती."

"तुम्ही होता ना तिथं? हे सांगत होते एकदा."

"म्या पोती व्हायचो. तुझी सासू तूर निवडायला. दिस मावळायला भाईर आली, की डाळीची पूड बसलेली असायची आंगभर, पिवळीजर्द. म्या म्हनायचो, रोज हळद लावून येतीस, माझ्यासंगं कितींदा लगीन करतीस?"

"मग त्या काय म्हणायच्या?"

"काय म्हणंल? शिवी द्यायची." तो हसला. पौर्णिमानं त्याला असं हसताना कधी बघितलं नव्हतं. वरच्या ओठापाशी एक खळी पडत होती, ती तिला आजच दिसली.

स्टँडवर उतरल्यावर पत्ता सांगून ती रिक्षा बघायला लागली, तर व्यंकट चालूही लागला होता. गोलाईच्या बाजूनं, मग एका बोळातून, मग एका जुन्या पाण्याच्या टाकीखालून. दुकानं बदलली होती, पाट्या बदलल्या होत्या, तरी त्याचे पाय चुकत नव्हते. एका कोपऱ्यावर थांबून त्यानं चपलेनं जमीन दाखवली. "प्रेमानंद हितं पहिलं पाऊल टाकलाय. गुळाच्या गाडीकडं निघाला व्हता." पौर्णिमा त्याच्या मागून चालत राहिली. रोज ती या गावात येत होती आणि हे गाव तिला आज कुणीतरी दाखवत होतं.

धुरपदाबाईंनी तांब्या-भांडं पुढं केलं. "घ्या, लातूरचं पाणी आहे. पुरवून प्या," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. मग किल्ली घेऊन वर आल्या. खोल्या झाडून ठेवल्या होत्या. गच्चीच्या कडेला शेजारचा कडुलिंब टेकला होता.

"मग काय ठरलं, सिस्टर? मला कळलं की मी दुसऱ्यांना हो-नाही सांगायला मोकळी."

"त्याचंच सांगायला आले, बाई," पौर्णिमा म्हणाली. आवाज सारखा केला. "तुम्ही थांबलात, उपकार झाले. पण आमचं असं..."

व्यंकट तिथं नव्हता. तो मागच्या लहान खोलीत गेला होता. पौर्णिमा बोलता बोलता दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. खोलीत काही नव्हतं, नुसती फरशी आणि एक खिडकी. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता, यष्ट्या जात होत्या. व्यंकटनं खांद्यावरची दस्ती काढली, तिला एक गाठ मारली आणि खिडकीच्या कट्ट्यावर टाकली.

"अहो भाऊ, रुमाल राहील तिथं," धुरपदाबाई म्हणाल्या.

"राहत न्हाय. टाकलाय."

बाईंना काही कळलं नाही. पौर्णिमाला कळलं, पण तिचा विश्वास बसेना. ती आत आली.

"मामा, मी नाही म्हणायला आले होते."

"ठावं हाय मला. ऐतवारची कुठली ड्यूटी? म्हणून तर बाजूची जागा धरली."

"तुमच्यासाठीच नाही म्हणत होते. तुम्हीच म्हणता ना, लोहारा सोडून आपण कुठं जात नाही."

व्यंकट कट्ट्यावर टेकला. दस्तीच्या गाठीवर त्यानं बोट फिरवलं. खाली एक यष्टी हॉर्न देत गेली.

"ते म्या माझ्या मायला म्हनत व्हतो, पोरी. भूकंप झाला, लोहाऱ्यातलं घर बसलं, आन् माझी माय छताखाली झोपंना. आमी हितनं गेलो ते तिच्यासाठी, चार महिने म्हणून. रोज रातच्याला इचारायची, जाचाल का रं सोडून? म्या म्हनायचो, लोहारा सोडून आपुन कुठं जात न्हाय. मग ती झोपायची. माय गेली, पर त्ये बोलणं तोंडात ऱ्हायलं. लोकास्नीबी त्येच पाठ झालं. आन् लोहाऱ्यानं आमाला काय कमी केलं न्हाय, घर दिलं, मानसं दिली, तुला दिलं. त्याला नावं कशी ठिवू? दर पौर्णिमेला विहारात जाऊ की आपुन समदी, घराचं कुलूप काढू, हरणीच्या हौदावर आंघूळ करू." त्यानं मान वर केली. डोळे भरले होते आणि वरच्या ओठापाशी ती खळी पडली होती. "पर सरूला हितं परत यायचं व्हतं. ती शेवटपातूर म्हनली न्हाय, आन् म्याबी इचारलं न्हाय. आता तुमीबी मला इचारंना, आन् मला वाटायचं, दोन खोल्यांत म्हातारं कशाला गळ्यात. आज म्हनतो. मलाबी यायचंय, पोरी. तुमच्यासंगं, हितं."