केयूरचा पूर्वपक्ष

बाबांना अग्नी आत्याच्या मुलाने, केयूरने दिला. मी एकुलती एक मुलगी. आत्या म्हणाली, भाचा असताना पोरीने कशाला? त्या दिवशी आईच्यात वाद घालायचं बळ नव्हतं. माझ्यातही नव्हतं. बाबांनी ज्याच्याविरुद्ध कोर्टात तक्रार केली होती, त्याच्याच हातून त्यांचे विधी झाले.

तक्रार एका वाक्याची होती. गेल्या वर्षी एका मिरवणुकीनंतरच्या सभेत केयूर माइकवर बोलला. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या विणकरांची पोरंबाळंसुद्धा शिल्लक ठेवायची नाहीत, आणि हे कोणत्या रात्री करायचं, असा त्या वाक्याचा अर्थ. खूप टाळ्या पडल्या.

बाबांनी आयुष्यभर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. नरसंहाराविरुद्धचा करार भारताने १९५९ सालीच मान्य केला, पण आपल्या फौजदारी कायद्यात त्या गुन्ह्याला कलमच नाही. उरतं ते समाजासमाजांत वैर पसरवण्याचं कलम, आणि त्याच्यावर बाबांचा जुना राग. ते इतकं सैल, की एखाद्या विनोदापायीही पोरं आत जातात. आणि खरी गरज पडते तेव्हा सरकारच्या मंजुरीवाचून कोर्टाला दखल घेता येत नाही. जगाचं माप याहून कडक आहे, आणि तसंच हवं, असं ते म्हणत. बोलणं नुसतं कडवट असून भागत नाही. कोण बोललं, कुणापुढे, कोणत्या हेतूने, त्यातून खरंच रक्त सांडेल का, हे पाहावं लागतं. केयूरचं वाक्य त्यांनी त्या मापाने तपासलं. कितीतरी दिवस ते धड जेवले नाहीत. मग त्या नावडत्या कलमाखालीच तक्रार केली.

मंजुरी आली नाही. बाबा गेले. वारस तक्रार पुढे चालवणार का, असं कोर्टाने विचारलं. सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

रविवारी सकाळी आत्या आणि केयूर दूधविनायक गल्लीतल्या आमच्या घरी आले. त्याच्या मुंडन केलेल्या डोक्यावर अजून धड केस आले नव्हते.

"ताई, छोड ना अब," तो म्हणाला. "मामांचं सगळं मीच केलं की नाही?"

"केलंस."

"मग त्यांच्याच नावाने मला जेलमध्ये घालणार?"

"कोर्टात जाऊन काय तर्पण करणार आहेस बापाचं?" आत्या म्हणाली. "बोलला असेल काहीतरी पोरगा. सगळेच बोलतात."

"वन्सं, चहा टाकते," आई आतून म्हणाली.

आमच्या घरात आजोबांपासूनची एक रीत होती. वाद घालायचा तर आधी समोरच्याची बाजू मांडायची, इतकी नीट की तो स्वतः म्हणेल, हो, हेच माझं म्हणणं. तो पूर्वपक्ष. त्याशिवाय उत्तर द्यायचा हक्क नाही. सुट्टीत बाबा आम्हा दोघांना समोरासमोर बसवत. केयूर माझ्याहून चांगला मांडायचा.

"पूर्वपक्ष करू?" मी विचारलं.

"मामाच झालीस तू," तो हसून म्हणाला आणि मांडी घालून बसला.

"केयूरने कुणावर हात उचलला नाही," मी सुरू केलं. "तो फक्त बोलला. त्यानंतर एकही घर जळलं नाही. मामा ज्या कलमाला जन्मभर वाईट म्हणाले, तेच त्यांनी त्याच्यावर वापरलं. असं बोलणारी मोठी माणसं मोकळी फिरतात. भाच्याला धरणं सोपं होतं. आणि शिक्षा झालीच, तर ती खरी त्याच्या आईला होईल."

आत्याने डोळ्यांना पदर लावला.

"हेच. बिलकुल हेच," केयूर म्हणाला. "मला इतकं नीट जमलं नसतं."

"आता तू मांड. बाबांचा पक्ष. सुरुवात त्या वाक्याने. बोलला होतास तसंच."

त्याने तोंड उघडलं. आई चहा घेऊन दारात उभी होती.

"ताई, तिथे माहौल होता..."

"माहौल नको. वाक्य."

"सांगून टाक ना रे एकदाचं," आत्या हसत म्हणाली. "स्वतःच्या आईपुढे कसली लाज?"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग बाबांच्या फोटोकडे, मग मान खाली घातली. गल्लीतून कुणी भाजीवाला ओरडत गेला. चहावर साय धरली. आत्या हळूहळू हसायची थांबली.

जाताना ती पायरीवर घुटमळली. केयूर पुढे गेला होता.

"ऋता, काय म्हणाला होता गं तो?"

"त्यालाच विचार, आत्या."

सोमवारी मी कोर्टात वारस म्हणून नाव दिलं. मंजुरी अजून आलेली नाही.