काटा चौदावर

"दादा, काढ की त्या वायरी आन् चल," दगडाबाई दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाली. "व्यापारी टेम्पो घेऊन शेंद्र्याला येऊन बसलाय. आप्पा म्हणायलेत, सोनाजी मेंढरं संभाळायला येत आसंल तर सौदा मोडतो. नाय तर आत्ताच इकतो."

"बॅटरी चार्जिंगला हाय, दगडे. दुपार होईल."

"ती काय व्यायला आलीय व्हय, जवळ बसायला?"

सोनाजीला हसू आलं आणि लगेच विरलं. मुकुंदवाडीच्या या दुकानात एक दंडक होता : ज्याने बॅटरी लावली, त्यानेच ती उतरवायची, तोवर जागचं हलायचं नाही. मालक काकासाहेब लग्नाला गेले होते. ॲसिडने चाळण झालेला सदरा आणि घशात बसलेला आंबट वास, यातून बाहेर पडायची वाट आज पहिल्यांदाच दारात येऊन उभी होती.

बाकावर बसलेला फकिरा कंटाळला होता. बॅटरी त्याच्याच टॅक्सीची. "वाढव की जरा, सोना. तू बी मोकळा, मी बी मोकळा."

चार्जरचा काटा चौदा व्होल्टच्या किंचित पुढे होता. सोनाजीने बहिणीकडे पाहिलं आणि बटण फिरवलं. काटा सोळावर गेला.

थोड्याच वेळात बॅटरीतलं पाणी खदखदू लागलं.

"भरली बघ!" फकिरा उठला.

सोनाजीने बॅटरीच्या अंगाला तळवा लावला. लहानपणी मेंढीचा ताप तो असाच बघायचा. हात टेकवेना.

"भरली नाय. जळायलीय."

"मंग माझी गाडी?"

सोनाजीने चार्जर बंद केला. आता आधी ती निवणार, मग पुन्हा चौदावर, पुन्हा सावकाश; संध्याकाळ होणार, आणि व्यापारी तोवर थांबणार नव्हता. दगडाबाईला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

"सांगते आप्पाला," म्हणत तिने पदर सावरला आणि ती रिक्षाकडे वळली.

उन्हं कलली तेव्हा जालना रोडवरून एक टेम्पो शहराकडे गेला. फळ्यांच्या फटींतून मेंढरांची तोंडं बाहेर आली होती. त्यातल्या एका मेंढीचा कान कापलेला होता.

"तुमचीच का रं?" फकिराने विचारलं.

"व्हती."

सोनाजीने खाली वाकून बॅटरीला हात लावला. ती आता नुसती कोमट होती. काटा चौदावर होता. त्याने हात तिथेच राहू दिला.