खालचं बटण, वरचं बटण

लग्नाला वर्ष व्हायच्या आत भालचंद्र लोहकरे आपल्याच घराच्या जिन्यात दिवा झाला. खालून बटण दाबलं की तो लागायचा, वरून दाबलं की विझायचा, आणि वरून लावला तर खालून विझवता यायचा. काम त्याचं स्वतःचंच होतं, त्यामुळे नावं ठेवायला जागा नव्हती.

बार्शीत त्याच्याइतका सावध वायरमन दुसरा नव्हता, हे तो स्वतःच सांगायचा आणि गिऱ्हाइकंही माना डोलवायची. कुणाच्या घरी गेला की आधी मेन पाडायचा, मग पांढऱ्या चिनी मातीचा फ्यूज उपसून पँटच्या खिशात टाकायचा, आणि मगच शिडीवर पाय ठेवायचा. भिंतीवर पाटी लावून काही उपयोग नाही म्हणायचा. प्रत्येक घरात एक तरी शहाणा निघतोच, जो पंखा बंद पडला म्हणून तणतणत जातो आणि फ्यूज ठोकून येतो. खिशातला फ्यूज कोण ठोकणार? काम चालू असताना चहा आला तरी हा बाबा आधी खिसा चाचपायचा आणि मग कप धरायचा.

पण हे सगळं दुसऱ्याच्या घरी. आपल्या घरी आई होती.

आई म्हणजे तानूबाई. ती खाली राहायची, स्वयंपाकघराला लागून. लग्नासाठी वर एक खोली चढवली, तिथे भालचंद्र आणि त्याची बायको हेमलता. मधल्या जिन्याला वळण होतं आणि वळणावर भर दुपारीही अंधार. तानूबाई म्हणाली, बटण खाली पाहिजे. हेमलता म्हणाली, वर पाहिजे. भालचंद्रला दोघींपैकी कुणालाच नाही म्हणता येत नव्हतं, आता काय करायचं? त्यानं टू-वे घातला. दोन बटणं, दिवा एक.

वळणावरच्या भिंतीतला वायरींचा डबा उघडून तो मेन पाडायला निघाला, तर आई खाटेवरून ओरडली, "भाल्या, मेन पाडलास तर बघ हां! आत्ताच सुनेला घरातनं बाहेर काढायलेत." ते मालिकेतलं होतं. भालचंद्र परत फिरला. म्हटलं, दोन वायरींचं काम, त्याला कशाला मेन? दोन्ही बटणं बंद करून ठेवली आणि डब्यात हात घातला. आता गंमत बघा. टू-वेच्या बटणाला बंद आणि चालू असं काही नसतंच. वर काय आहे त्यावर खालचं ठरतं, खाली काय आहे त्यावर वरचं. हे त्यानं निम्म्या गावाला समजावून सांगितलं होतं.

"झालं का रं?" खालून आई म्हणाली.

"झालं का हो?" वरून बायको म्हणाली.

"झालं," भालचंद्र म्हणाला, आणि लागला.

ओरडला नाही, पडला नाही, जळलाही नाही. लागला. डब्यातली वायर त्याच्या मुठीत होती आणि ती मूठ काही उघडेना. अंगातून पिवळा, एकसारखा उजेड बाहेर पडत होता आणि खालच्या-वरच्या सगळ्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. दोघी आल्या, एक खालून, एक वरून.

"उजेड बरा पडलाय," तानूबाई म्हणाली.

"हो ना आत्या. बल्ब आणायला नको आता," हेमलता म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची.

मग तिनं वर जाऊन बटण दाबून बघितलं.

विझल्यावर कसं वाटतं, हे भालचंद्रला कधीच सांगता आलं नाही, कारण वाटायला तो नसायचाच. अंग तिथंच असायचं. दिवा विझला म्हणून बल्ब कुठं जातो? तसाच वळणावर थंड उभा असायचा, डोळे उघडे, मूठ डब्यात. पण मधला काळ त्याच्या हिशेबात यायचाच नाही. लागला की सगळं एकदम बदललेलं. आत्ता आईच्या अंगावर हिरवं लुगडं होतं, आत्ता निळं. आत्ता भिंत पांढरी होती, आत्ता आंब्याच्या रंगाची. तो अर्धं वाक्य बोलून विझायचा आणि उरलेलं अर्धं दुसऱ्याच ऋतूत बोलायचा.

त्याला हात लावायची सोय राहिली नव्हती. पहिल्याच आठवड्यात उजेडाला पाल आली, किडे टिपत टिपत त्याच्या मनगटावर चढली, आणि कडक होऊन खाली पडली. तानूबाईनं ती केरसुणीनं सुपलीत घेतली. "हात नको लावू गं हेमे," ती म्हणाली, "जिवंत हाय." हा सासूनं सुनेला दिलेला पहिला चांगला सल्ला.

बाकी दोघींचं चाललं होतं ते चाललंच होतं. तानूबाई ताट घेऊन खालच्या पायरीवर बसायची आणि त्याला लावायची. भाजीत मीठ कमी आहे का, सून दुपारी झोपते का, विचारायची. तो म्हणायचा, "व्हय आई." तेवढ्यात वरून टक्. मग हेमलता वरच्या पायरीवर बसून त्याला लावायची, आईला तुम्ही एकदा सांगणार आहात की नाही म्हणायची. तो म्हणायचा, "सांगतो." तेवढ्यात खालून टक्. एकदा तर चिडून दोघींनी एकाच दमात दाबलं. भालचंद्र पापणी लवावी तसा मिटला आणि पुन्हा होता तसा लागला. टू-वेची रीतच ती. एकीनं फिरवलं तर बदल होतो, दोघींनी फिरवलं तर होतं तेच राहतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग आपापल्या दारांत शिरल्या.

एका दुपारी तो लागला तेव्हा जिन्याच्या कठड्यावर लंगोट वाळत होते.

"हे काय?" तो म्हणाला.

"मुलगी झाली," हेमलता म्हणाली. "रेवती नाव ठेवलं. आम्ही रेवा म्हणतो."

"माझ्याकडे दे की तिला."

"कशी देऊ?"

खरंच, कशी देणार? बाळ दुपट्यात होतं, वरच्या पायरीवर, आणि त्याच्याकडेच टक लावून बघत होतं, कारण लहान मुलं दिव्याकडे बघतात. भालचंद्रचा जीव तुटला. आजवर आई आणि बायको दोघी खूश राहाव्यात एवढंच त्याला हवं होतं. त्या क्षणापासून त्याला एकच गोष्ट हवी झाली: पोरीला एकदा उचलून घ्यायचं.

सुटका साधी होती. त्यानं दोघींना समोर उभं करून सांगितली. मेन पाडायचा. फ्यूज काढायचा. मी विझेन, तेव्हा येऊन माझी मूठ सोडवायची, करंगळीपासून एकेक बोट. बटणांकडे अजिबात बघायचं नाही. फ्यूज मात्र कुणीतरी आपल्याजवळ ठेवायचा.

"मी ठेवते कनवटीला," तानूबाई म्हणाली.

"तुमच्या कनवटीला नको. माझ्याकडे राहील," हेमलता म्हणाली.

"का गं? पळवते का काय मी माझ्याच पोराला?"

"मी तरी काय करणार आहे?"

शेवटी तानूबाईनंच मनातलं ओकून टाकलं. "सुटलास की वर जाशील तू. जिन्यात हायस, तवर निम्मा तरी माझा हायस."

"सुटलात की तुम्ही खाली जेवायला बसाल," हेमलता म्हणाली. "मला माहीत आहे."

आणि दोघींनी, पहिल्यांदाच एकमेकींचं म्हणणं पटून, मान हलवली. भालचंद्र हातापाया पडला असता, पण हात डब्यात होता आणि पाय हलत नव्हते. तो नुसता रडला. रडल्यावर उजेड थोडा थरथरला. "व्होल्टेज कमी झालंय," तानूबाई म्हणाली आणि विझवून आत गेली.

पुढे जिना अरुंद होत गेला. लागेल तेव्हा काहीतरी नवं जवळ सरकलेलं असायचं. कांद्याची पोती आली, पाळणा आला, मग मोडका पाळणा आला. पत्र्याची ट्रंक त्याच्या गुडघ्याला येऊन टेकली. वळणावर भालचंद्रला न शिवता अंग चोरून जाण्यापुरतीच वाट उरली. एके दिवशी त्याला जिन्याखालून घूं घूं असा आवाज आला.

"आई, हे काय वाजतंय?"

"इन्व्हर्टर घेतलाय. लाइट गेली की तू जायचास रं. माझा घास घशात अडकायचा."

वायरमननं पहिला प्रश्न विचारायला हवा होता: जोडला कुठून? मेनवरून आलाय की मेन टाळून थेट या जिन्याच्या वायरीत? पण भालचंद्र त्या वेळी वायरमन नव्हता, मुलगा होता. आपल्यासाठी आईनं एवढं केलं म्हणून त्याचा ऊर भरून आला. "कशाला गं एवढं," तो म्हणाला आणि कौतुकानं थोडा जास्तच उजळला.

रेवा टकाटका वाढली. तिला बटण पुरायला लागल्यावर तर विचारू नका. ती त्याला लावायची, विझवायची, लावायची. त्याच्या डोळ्यांपुढे तिचे दात पडले, आले, वेण्या लांब झाल्या. ती शाळेच्या निळ्या फ्रॉकात यायची. फ्रॉकला खिसा होता आणि खिशात चिंचोके. तो खिसा बघितला आणि भालचंद्रला सुचलं.

"रेवा, एक काम करशील? कुणाला सांगायचं नाही."

"सांगा की बाबा."

त्यानं तिला शिकवलं. धान्याच्या डब्यावर चढायचं. मेनचा दांडा खाली ओढायचा. पांढरा फ्यूज उपसून खिशात टाकायचा. वर यायचं आणि करंगळीपासून मूठ सोडवायची.

"आणि बटण?"

"बटणावर भरवसा नाही ठेवायचा. दिव्यावरही नाही. दिवा खोटं बोलतो. विझलेला असतो आणि वायर जिवंत असते. फक्त खिसा चाचपायचा. खिशात फ्यूज आहे ना? मग कुणाला भ्यायचं नाही."

"आजी ओरडेल."

"ओरडू दे."

"आई ओरडेल."

"कुणीही ओरडलं तरी थांबायचं नाही. तुझी आजी ओरडली म्हणून मी थांबलो होतो."

रेवानं मान डोलवली. हुशार पोर. तिनं त्याच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं आणि स्वतः एकदा म्हणून दाखवलं, शेवटच्या शब्दापर्यंत बरोबर.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं त्याला लावलं, हसली आणि खाली पळाली. स्वयंपाकघरात तानूबाईच्या मिक्सरमध्ये शेंगदाण्याची चटणी फिरत होती. वर हेमलता केस विंचरत होती. भालचंद्रनं डोळे मिटले. आता विझायचं, आणि पुढच्या वेळी लागायचंच नाही. पुढच्या वेळी नुसतं माणूस असायचं आणि पोर कडेवर. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

खाली दांडा खाडकन पडला. मिक्सर घरघरत थांबला.

भालचंद्रनं डोळे उघडले. पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. कांद्याची पोती दिसत होती, ट्रंक दिसत होती, त्याच्याच उजेडात. जिन्याखाली काहीतरी घूं घूं करत होतं. तेव्हा कुठं त्याला तो प्रश्न सुचला आणि त्याचं उत्तरही कळलं.

रेवा पायऱ्या चढत होती. एक हात खिशावर होता.

"थांब!" तो ओरडला. "रेवा, मी चालू आहे! बघ माझ्याकडे, मी चालू आहे!"

"दिवा खोटं बोलतो बाबा," रेवा म्हणाली.

"पोरी, माझं ऐक! मागं फिर!"

"कुणीही ओरडलं तरी थांबायचं नाही." तिनं खिसा चाचपला. चिंचोके आणि फ्यूज एकमेकांवर वाजले. "भिऊ नका. आहे."

तो मागं सरकायला बघत होता आणि मागं भिंत होती. पुढं ट्रंक होती. मूठ उघडत नव्हती. रेवा ट्रंकेवर गुडघे टेकून चढली.

"बटण!" तो किंचाळला. "आई! हेमा! बटण दाबा! विझवा मला!"

तानूबाई चटणीच्या हातानं धावत आली. हेमलता मोकळ्या केसांनी धावत आली. दोघींनी पोरीला बघितलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच दोघींना एकाच वेळी एकच गोष्ट हवी होती. एकीचा हात खालच्या बटणाकडे गेला, एकीचा वरच्या.

दोन्हींचा मिळून एकच आवाज झाला. भालचंद्र पापणी लवावी तसा मिटला आणि पुन्हा लागला, आणि रेवानं त्याची करंगळी धरली होती.