नळीला चव नसते

माझ्या पोटावर, नाभीच्या वर आणि किंचित डाव्या बाजूला, प्लास्टिकचे एक बटण आहे. त्याचे झाकण उघडून नळी जोडली आणि नळीच्या टोकाला लावलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये पातळ खाद्य ओतले, की ते थेट जठरात उतरते. वयाच्या नवव्या वर्षापासून मी अशी जेवत आले आहे. लोकांना वाटते तितके हे अवघड नाही. बार्शीच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत, पुढे एम.एस्सी.च्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर आणि आता हिंजवडीजवळच्या नेरे गावात सारजाबाईंच्या ओसरीवर उन्हाकडे पाठ करून मी हे काम उरकत आले आहे. एकच उणीव आहे. नळीला चव नसते. आत काय जाते आहे, हे फक्त ओतणाऱ्याला ठाऊक असते.

माझे शिक्षण संपेपर्यंत ओतणारी माझी आई होती; त्यासाठी ती शाळेत आणि कॉलेजातही येई.

सारजाबाई माझ्या घरमालकीण. जमिनीचा रस्त्यालगतचा तुकडा विकून त्यांनी मागे सहा खोल्या बांधल्या. त्यांतली एक माझी. जवळच्याच एका प्रयोगशाळेत मी माती आणि पाणी तपासते. राहायला आले त्या आठवड्यात सारजाबाईंनी माझे जेवण शेवटपर्यंत पाहिले आणि विचारले, "त्वांड हाय न्हवं तुला? मग ह्ये मागल्या दारानं कशापायी?"

मला आयुष्यभर जे सांगण्यात आले होते तेच मी त्यांना सांगितले : माझे गिळणे सदोष आहे, घास श्वासनलिकेत जातो. त्यांनी यावर दृष्ट काढण्याचा उपाय सुचवला. मी नकार दिला. पण प्रश्न योग्य होता, म्हणून तो मी पुण्यातल्या एका डॉक्टरांना विचारला. त्यांनी बेरियम पाजून क्ष-किरणाखाली माझे गिळणे पाहिले. ते निर्दोष होते. जुन्या तपासण्या मागवल्या, त्याही निर्दोष होत्या. घास श्वासनलिकेत जातो हे कोणत्याही यंत्राने कधी दाखवलेच नव्हते. ते आईने सांगितले होते, आणि प्रत्येक नव्या डॉक्टरने ते आधीच्या डॉक्टरच्या कागदावरून उतरवून घेतले होते. याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, असे डॉक्टर म्हणाले : वैद्यकीय बालछळ. सांभाळणारी व्यक्ती मूल आजारी असल्याचे सांगते, प्रसंगी त्याला आजारी पाडते, आणि छळ प्रत्यक्षात उपचारांच्या हातून होतो. याला दुसरे काही स्पष्टीकरण संभवते का, असे मी विचारले. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाले.

तेव्हापासून मी तोंडाने जेवायला शिकते आहे. न वापरलेली भूक लगेच कामाला लागत नाही, त्यामुळे निम्मे अन्न अजून नळीतून जाते. वजन टिकले की नळी निघेल.

मनीषला, माझ्या धाकट्या भावाला, मी हे सांगितले होते. तेव्हाच्या तपासण्या तरी कुठे अचूक होत्या, असे तो म्हणाला आणि विषय बदलला. तो आणि त्याची बायको ऋतिका हिंजवडीला नोकरी करतात. मुलगा झाल्यावर त्यांनी, तिथली बहुतेक जोडपी करतात तसे, आईला गावाहून बोलावून घेतले. निरंजन आता साडेतीन वर्षांचा आहे. त्याला सगळे निरू म्हणतात. गेल्या वर्षभरात त्याचे वजन वाढले नव्हते. आईच्या सांगण्यानुसार तो खाल्लेले सगळे ओकून टाकत असे. डॉक्टरांकडे त्याला आईच नेई, कारण दिवसभर त्याच्याजवळ तीच असे.

एका संध्याकाळी मनीषचा फोन आला. येत्या गुरुवारी निरूला भूल देऊन पोटात नळी बसवायची ठरले होते. ऋतिका रडत होती.

"ताई, तू येऊन तिला समजावशील का?" तो म्हणाला. "नळीनं आयुष्य काही थांबत नाही म्हणून. आईच म्हणाली, गौतमी आपल्या घरातलंच उदाहरण आहे."

मी उदाहरण होते, यात शंका नव्हती. कशाचे, एवढेच तपासायचे होते.

शनिवारी मी निरूला नेऱ्याला घेऊन आले. दुपारी सारजाबाईंच्या चुलीपुढे बसून त्याने तांदळाची भाकरी आणि पिठले खाल्ले, नंतर माझ्या ताटातला भातही खाल्ला, आणि कोंबड्यांच्या मागे धावला. काहीही बाहेर पडले नाही. सारजाबाई म्हणाल्या, "ह्येला कसली नळी? ह्येला पाटा-वरवंटा वाढला तरी पचवंल." मी मात्र यावरून निष्कर्ष काढला नाही. एक दिवस म्हणजे पुरावा नव्हे. जागा बदलली होती, सोबत बदलली होती, कोंबड्या नव्या होत्या.

रात्री पोहोचवायला गेले तेव्हा मनीषला इमारतीखाली बोलावले आणि मला वाटत होते ते त्याच्यापुढे मांडले. तो संतापला. आईने माझ्यासाठी काय काय सोसले, माझ्या उशाशी किती रात्री काढल्या, गावातल्या मंडळाने तिला आदर्श माता म्हणून शालश्रीफळ कसे दिले, हे सगळे त्याने ऐकवले. ते सर्व खरे होते.

मनीष सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. लोकांनी कळवलेले दोष खरे आहेत की नाहीत, हे पाहण्याचा त्याला पगार मिळतो. त्याचे बोलून झाल्यावर मी विचारले, "तुझ्याकडे एखादी तक्रार आली, की तू पहिल्यांदा काय करतोस?"

"रिप्रोड्यूस करतो," तो म्हणाला. "आपल्यासमोर तसं घडतंय का बघतो."

"निरूची उलटी तू कधी बघितलीस?"

तो एकेक प्रसंग आठवून बोटांवर मोजू लागला. त्याने वाळत घातलेले कपडे पाहिले होते. ऋतिकाने ओली चादर पाहिली होती. प्रत्येकाला जे दिसले ते नंतरचे होते.

आम्ही ठरवले ते अगदी साधे होते. सोमवारपासून मनीष घरून काम करणार, आणि निरू त्याच्या खोलीत, त्याच्यासमोर खाणार. मी रजा घेऊन स्वयंपाक करणार. दुसऱ्या कोणी निरूला काही भरवायचे नाही. आई आक्षेप घेईल असे मनीषला वाटत होते. तिने घेतला नाही. "बघा तुम्हीच दोन दिवस," ती म्हणाली, "म्हणजे मी काय भोगते ते कळेल." मला हे वाक्य परिचयाचे होते. माझ्या वडिलांना ती हेच म्हणत असे.

सोमवारी काही घडले नाही. मंगळवारी दुपारी निरू मनीषच्या टेबलाखाली बसून थालीपीठ खात होता आणि मी त्याच्याजवळ होते. दार लोटलेले होते, मनीषच्या कानांवर मोठे हेडफोन होते, पण त्यांत आवाज नव्हता. बाहेर आईचा फोन वाजला. गुरुवारच्या तयारीसाठी रुग्णालयातून परिचारिका माहिती विचारत होती. कागदोपत्री नंबर आईचा होता.

आईचा आवाज मला नेहमीच आवडत आला आहे. शांत, स्पष्ट, कोणालाही विश्वास वाटावा असा.

"सकाळपासून तीनदा झाली," ती सांगत होती. "शेवटची हिरवट होती. आत्ताच कपडे बदलले त्याचे. नाही, पोटात काही ठरतच नाही. तुम्हाला गुरुवारच्या आधी घेता आलं तर बघा."

निरूने थालीपीठाचा उरलेला तुकडा लोण्यात बुडवला आणि आणखी मागितले.

मनीषने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. निरूच्या अंगातल्या शर्टाकडे पाहिले. तो सकाळचाच होता. मग तो उठला, बाहेर गेला आणि आईच्या हातातून फोन घेतला.

"मी निरंजनचा बाबा बोलतोय," तो म्हणाला. "आत्ता तुम्हाला जे सांगितलं ते घडलेलं नाही. मी सकाळपासून त्याच्यासमोर आहे. गुरुवारचं रद्द करा, आणि डॉक्टरांना सांगा, मला आज भेटायचंय."

आई सोफ्यावर बसली. ती गोंधळली नव्हती. आपण घाबरून बोललो, मुलाच्या तोंडाचा रंग पाहिला की आपल्याला आधीच कळते, आज नसेल झाले तर उद्या होईल, असे ती समजावू लागली. मनीष फोन हातात धरून उभा राहिला. तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"गौतमी, तूच सांग त्याला. नळी नसती तर तू जगली असतीस?"

हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता, त्यामुळे उत्तर तयार होते.

"माझं उत्तर आता काढता येणार नाही, आई. नळी न बसवलेली दुसरी गौतमी नाही. निरूचं काढता आलं."

निरूच्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. मग निरूला काही दिवस रुग्णालयात ठेवले, नळीशिवाय आणि आजीशिवाय. तो खात होता, वजन वाढत होते. बालकल्याण समितीला कळवणे आपल्याला बंधनकारक आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. ते कळवलेच पाहिजे, असे सगळ्यात आधी ऋतिका म्हणाली. आई आता बार्शीला तिच्या भावाकडे, बंडोपंतमामांकडे असते. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला तिने अजून होकार दिलेला नाही. निरूला ती एकटी भेटत नाही, आणि हा नियम मनीषने स्वतः घातला आहे. तिने हे का केले, याविषयी लोक मला विचारतात. मला माहीत नाही. काय केले, ते माहीत आहे, आणि मुलाला वाचवायला तेवढे पुरले.

परवा मनीष नेऱ्याला आला होता. मी ओसरीवर नळीतून घ्यायच्या खाद्याची पूड पाण्यात कालवून ओतत होते. निरू समोर बसून सिरिंजमधली पातळी खाली उतरताना पाहत होता.

"ताई, तुझी कधी निघणार?" मनीषने विचारले.

वजन दिवाळीपर्यंत टिकले तर दिवाळीनंतर, मी सांगितले. बटण काढायला काही मिनिटे लागतात आणि छिद्र आपोआप भरून येते, असे डॉक्टर म्हणतात. मला घाई नाही. तोपर्यंत नळीत काय ओतायचे, ते मी ठरवते. मी सिरिंज साध्या पाण्याने धुतली, झाकण लावले आणि आत जेवायला गेले.