छतावरची मुंडी

शिडीच्या वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या थॉमस भिंगारदिवेने शेवटचा स्क्रू आवळला आणि खाली बघत म्हटलं, "फिरवा आता तुमची मुंडी."

खाली चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी सॅमसनसाहेब रिमोट छातीशी धरून उभे होते. मोटारीवर फिरणारं हे कॅमेऱ्याचं डोकं त्यांनीच मागवलं होतं. बटण दाबलं की ते डावी-उजवीकडे वळायचं, वर-खाली व्हायचं. टाळेबंदीपासून दर रविवारी थॉमस खांबापाशी कॅमेरा घेऊन उभा राहायचा आणि उपासना लोकांच्या मोबाईलवर दाखवायचा. त्याच्या उभं राहण्याने चर्चची शोभा जाते, असा शोध कमिटीला आता लागला होता. यापुढे मुंडी चालवणार साहेबांचा मुलगा पार्थ, तोही पुण्यातून, बहुधा अंथरुणात लोळत. आणि ती बसवायला मात्र थॉमसच हवा. निर्लज्जपणाची कमाल होती.

साहेबांनी बटण दाबलं. मोबाईलच्या पडद्यावर उपदेशासाठीचं पुलपिट उलटं लटकलं.

"थॉमस, हे असं कसं?"

"छताला टांगल्यावर उलटंच दिसनार. वटवाघळाला सुलटं दिसतं व्हय?"

त्याने चित्र सरळ केलं, पण दिशा मुद्दामच बदलल्या नाहीत. साहेब डावं बटण दाबत, मुंडी उजवीकडे जाई. साहेब चिडून पुन्हा दाबत, मुंडी भिंतीकडे तोंड करून बसे. बँकेत आयुष्यभर लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवणारा माणूस तो, त्याची फजिती थॉमसने पोटभर पाहून घेतली. मग सगळं नीट लावून दिलं.

एकेका बटणात एकेक जागा भरायची होती. पहिल्यात पुलपिट, दुसऱ्यात गायनमंडळ.

"तिसऱ्यात पुढचा बाक घे, जवळून. मान्यवर बसतात."

मान्यवर म्हणजे साहेब, त्यांची बायको आणि चर्चला पंखे देऊन त्यांच्या पात्यांवर स्वतःचं नाव रंगवून घेणारा ठेकेदार.

"चवथी जागा माझी," थॉमस म्हणाला. "बायांकडचा तिसरा बाक. आशीर्वाद झाला की पार्थला तेवढं बटन दाबू द्या. न्हाईतर मुंडी आत्ता उतरवतो."

केडगावच्या घरी अर्धांगवायूने खाटेला खिळलेली त्याची मेरी मोबाईलवर उपासना बघायची. त्या बाकावर तिच्या मैत्रिणी बसत. आशीर्वाद संपला की थॉमस कॅमेरा तिकडे वळवायचा आणि त्या कपाळाला हात लावून म्हणायच्या, "सलाम, मेरीबाई." त्या सलामावर मेरीचा आठवडा निघायचा. बाकी उपदेशाचं थॉमसला काडीचं कौतुक नव्हतं.

साहेबांनी नाक मुरडत कबूल केलं. थॉमसने त्या बाकाची जागा मात्र जीव लावून बटणात भरली.

रविवारी तो पहिल्यांदाच मेरीच्या खाटेवर बसून उपासना बघत होता. पार्थ घडोघडी बापाचा बाक दाखवत होता.

"साहेबांनी लई तेल थापलंय डोक्याला," मेरी म्हणाली, आणि दोघं हसली.

आशीर्वाद झाला. मुंडी वळली आणि तिसऱ्या बाकावर अचूक थांबली. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. शॅरनबाई उठली, मागोमाग बाकीच्या उठल्या. सगळ्यांनी सवयीने खांबाकडे तोंड करून कपाळाला हात लावला. पडद्यावर दिसत होते त्यांचे अंबाडे आणि कान.

कॅमेरा आता छताला आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. साहेबाला नावं ठेवण्यात थॉमसलाही ते सुचलं नव्हतं.

"अवो, कुनाला सलाम करत्यात त्या?"

थॉमसच्या तोंडाशी पार्थचं नाव आलं, साहेबाचंही आलं. ते त्याने गिळलं.

"मला," तो म्हणाला. "मी हुबा ऱ्हायचो ना तिथं."

शॅरनबाई मान उंच करून खांबामागे कुणाला तरी शोधत होती. तेवढ्यात पडदा काळा झाला. मेरीने कपाळापर्यंत नेलेला धड असलेला हात हळूच गोधडीवर ठेवला.