मापपट्टी नसलेला फोटो

त्या शनिवारी दुपारी बाबा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते आणि मी समोर मोबाइलवर वेळ लावली होती. दुसऱ्या दिवशी संग्रहालयाच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, त्याची तालीम चालली होती. विषय, चार हजार वर्षांपूर्वीची स्वयंपाकघरं.

"चुलीतच किती वेळ घालवताय," मी म्हटलं. "भांडी कधी येणार?"

"चूल पेटल्याशिवाय भांडी चढवून काय उपयोग?"

"बाबा, मागच्या वेळी पहारेकऱ्याने दिवे घालवायला घेतले होते."

"त्याला भूक लागली असेल. विषयच तसा होता."

पडद्यावर दाखवायच्या त्यांच्या चित्रांखाली एक अक्षरही नसायचं. लिहिलं की लोक वाचत बसतात, ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सगळं तोंडपाठ. कॉलेजात असल्यापासून ती चित्रं मीच पुढे सरकवत आले, त्यामुळे विनोदांसकट मलाही पाठ.

भांड्यांपर्यंत आम्ही पोहोचलोच नाही. उरलेलं नंतर करू, बाबा म्हणाले आणि चहा पिऊन जरा आडवे झाले. कप विसळून मी त्यांना उठवायला गेले. हाक मारली, मग खांद्याला हात लावला. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मी सगळं नीट केलं. पुढ्यात ताट आलं की जेवले. रडू आलं नाही. फक्त ते वारले, असं माझ्या तोंडून निघेना. फोनवर कुणी विचारलं, सर आहेत का, तर मी म्हणायचे, आत्ता नाहीत. बँकेत मृत्यूचा दाखला नुसता काउंटरवर सरकवला.

"अगं, लोकांना सांग तरी," आत्या म्हणायची. "मिठाची गुळणी धरून किती दिवस बसणार आहेस?"

"सांगते."

महिन्याभराने संग्रहालयाच्या चिटणीसबाईंचा फोन आला. लांबणीवर पडलेलं व्याख्यान मी द्यावं, सुरुवातीला सरांविषयी दोन शब्दही मीच बोलावेत. मी हो म्हटलं.

व्याख्यानाच्या दिवशी माइकपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. चुलीपासून सुरुवात करू." पहिल्या रांगेत चिटणीसबाईंनी मान खाली घातली. मी पुढे बोलत राहिले. हशा पिकायचा तिथेच पिकला. बाबा थांबायचे तिथे मी थांबले, पाणी प्यायले. आतून काहीच हललं नाही.

रांजणांनंतर एक फोटो आला. भाजलेल्या मातीची, भोकं पाडलेली एक वस्तू. आधीच्या एकाही व्याख्यानात ती नव्हती. शेजारी मापपट्टीसुद्धा नव्हती; वस्तू वाटाण्याएवढी की कलिंगडाएवढी, कळायला मार्ग नव्हता. मापपट्टीशिवाय फोटो काढला म्हणून बाबांनी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढलं होतं.

मी फोटोकडे बघत राहिले. खुर्च्या करकरल्या.

"हे काय आहे?" दुसऱ्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"असू दे, असू दे. घरी गेलीस की सरांना विचार, पुढच्या वेळी सांग. आणि म्हणावं, आज आम्हाला हुलकावणी दिलीत."

मागे कुणीतरी त्यांना शूऽ केलं.

"नाही विचारता येणार, आजोबा," मी म्हटलं. माइक चालूच होता. "बाबा गेले."